व्हियोरिकाला माती कुणी लावली

डुकराच्या पोटातली वाफ अजून अंगणात तरंगत होती, तेवढ्यातच आगाफियानं मनाशी ठरवून टाकलं की आज या घरात कुणाचंही बोलणं खरं धरायचं नाही. पोटच्या पोरांचंही नाही. त्यांचं तर मुळीच नाही.

ती नुकतीच उतारावरून परतली होती. बुटांना चिखल, काठीला चिखल, आणि तोंड असं मिटलेलं, की चुलीशी बसलेल्या थोरल्या सुनेला, झिनाला, आधी काही विचारायचं धाडस होईना. शेवटी न राहवून ती म्हणाली, "आई, एवढ्या सकाळी कुठं गेला होतात? पाय घसरला असता म्हणजे?"

"म्हणजे तुझी सुटका झाली असती. कढई ढवळ, खाली लागतेय."

कढई मुळीच खाली लागत नव्हती. पण सुनेचं तोंड तिकडं वळलं की आगाफियाला तिचे बूट बघता येणार होते. बूट स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नव्हेत, धुतलेले. इग्नातच्या सणाला, घरात डुक्कर कापायच्या दिवशी, बूट धुऊन कोण बसतं? आज संध्याकाळपर्यंत या अंगणात देवदूताचेही पाय रक्ताचिखलात भरणार होते.

आगाफियानं ही गोष्ट मनात टिपून ठेवली आणि दुसऱ्या बुटांकडं वळली.

थोरला तुदोर परसात डुकराचा पाय धरून उभा होता. त्याचे रेल्वेचे जाडजूड बूट वर्षानुवर्षं तेल पिऊन काळे झालेले. त्यांच्यावरून काही कळायचं म्हणजे ज्योतिषीच पाहिजे. धाकट्या ग्रिगोरेचे नवेकोरे, लाल दोऱ्याचे. इटलीत एका म्हातारीला सांभाळणारी लेक नाद्या तर तिथून आल्यापासून घरातल्या घरात मऊ चपला घालून फिरत होती, जणू आईच्या घरची जमीन तिला चावते.

आगाफिया उताराकडं गेली होती ती काही हेरगिरी करायला नव्हे. कमरेचं हाड मोडल्यापासून तीन हिवाळे तिनं उतारावरचा द्राक्षमळा पाहिला नव्हता. दर वेळी ग्रिगोरे म्हणायचा, "आई, वाट खचलीय. आई, चिखल आहे. तुला काय बघायचं ते मला विचार." पण नाताळ झाला की नोटरीकडं जाऊन तो सगळा उतार त्याच्या नावावर करायचं ठरलं होतं. दिल्यावर ती जमीन दुसऱ्याची. द्यायच्या आधी एकदा आपली म्हणून डोळे भरून बघावी, नवऱ्याच्या, सिमिओनच्या, नावानं घोटभर वाइन मातीत सांडावी, एवढंच तिच्या मनात होतं.

वरच्या अर्ध्या उतारावर सिमिओननं लावलेली जुनी व्हियोरिका जातीची द्राक्षवेल उभी होती. उघडी, काळी, काटक. सरकारनं गावातले सगळे मळे उपटायला लावले आणि पुढं ते सरकारच उपटलं गेलं, त्यानंतर सिमिओननं शहराच्या संस्थेतून काड्या आणून त्या लावल्या होत्या. बाकीच्यांच्या वेलांना हिवाळ्यात मातीखाली निजवायचं, वसंतात उठवायचं, उन्हाळाभर फवारे मारायचे. व्हियोरिकाला यातलं काही लागत नसे. थंडीनं ती मरत नसे, बुरशीला ती भीक घालत नसे, आणि तिच्या वाइनला असा वास यायचा की पाद्री ज्या तुळशीच्या जुडीनं तीर्थ शिंपडतो, ती जुडीच कुणी पिंपात सोडलीय. सिमिओन म्हणायचा, "हिला कोट नको, औषध नको. तुझ्यासारखी आहे." लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्यानं केलेलं एवढंच कौतुक. आगाफियानं ते जपून ठेवलं होतं.

खालच्या अर्ध्या उतारावर ग्रिगोरेनं तीन वसंतांपूर्वी नवी लागवड केली होती. तीही व्हियोरिकाच. नर्सरीतून आणलेली. शहरातला वाइन कारखाना आता व्हियोरिकाच मागत होता, येत्या हंगामात त्यांचा माणूस यायचा होता, आणि आगाफियानं ही बातमी चर्चच्या पायरीवर अशी वाटली होती की ज्यांना नको त्यांच्याही पदरात पडली.

आणि आज तिनं काय पाहिलं, तर त्या नव्या वेलांना मातीची भर लावलेली. सगळ्या नाही, अर्ध्याअधिक ओळींना. काड्या तारेवरून सोडवून, वाकवून, जमिनीला टेकवून वर ताज्या मातीचे ढीग. ओळीनं थडगी असावीत तसे.

ती काठीवर रेलली. मग सिमिओनसाठी नेलेली वाइन न सांडता स्वतःच पिऊन टाकली.

व्हियोरिकाला कुणी माती लावत नाही. या गावात शेळीलाही हे ठाऊक आहे. मग ज्यानं लावली त्याला नक्की माहीत होतं की ही व्हियोरिका नाही. किंवा तसं काही नसेलही. गावाला तसं वाटावं, नोटरीकडं जायच्या आधी ग्रिगोरेचं नाक कापलं जावं, एवढ्यासाठीच कुणीतरी रात्रीचं फावडं चालवलं असेल.

दुसरी शंका तिला जास्त आवडली. कारण तिच्यात झिना होती.

*

पहिलं मटण तळून झालं तसे सगळे आत येऊन बसले. आगाफियानं मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा लाकडी पाटावर उलटी केली आणि दोऱ्यानं कापली. खारवलेलं कलिंगड होतं, लसणाचं पाणी होतं, सुरई भरून व्हियोरिकाची वाइन होती. ज्या डुकरानं वर्षभर घर खाल्लं त्याच्या आत्म्यासाठी पहिला घोट घ्यायचा, अशी रीत. सगळ्यांनी घेतला.

"रेडिओ काय म्हणतोय?" आगाफियानं विचारलं.

"आज रात्री उणे पंचवीसपर्यंत जाईल म्हणतोय," तुदोर म्हणाला. तो रात्रीच्या गाडीनं ड्यूटीवरून थेट आला होता; बोलणं नेहमीसारखं मालगाडीच्या चालीचं. "कालपर्यंत पाऊस, आणि एकदम हे. वाईट असतं असं. झाडं ओली असतात."

"मग ग्रिगोरे, आपल्या वेलांचं?"

"वेलांचं काय?" ग्रिगोरे हसला. त्याचं हसू बापावर गेलं होतं. बाकी कशावर गेला होता देव जाणे. "व्हियोरिका आहे ती, आई. तूच सगळ्या गावाला सांगतेस ना, कोट नको, औषध नको?"

"सांगते तर. म्हणून तर विचारते. मग माती का लावलीस?"

कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"कसली माती?" ग्रिगोरे म्हणाला. पण म्हणायच्या आधी त्याची नजर गेली. आईकडं नाही, भावाकडं नाही. नाद्याकडं. माशी बसून उडावी एवढाच वेळ, पण गेली. आणि नाद्या ताटातलं कलिंगड असं न्याहाळत राहिली की जणू इटलीत कलिंगड पिकतच नाही.

आगाफियानं हेही टिपलं. मात्र कुठं ठेवावं ते तिला कळेना.

"तू उतारावर गेलीस?" ग्रिगोरेचा चेहरा लाल झाला. "एकटी? आणि कुणी माती लावलीय? कळलं मला! हे दादाचं काम आहे."

"माझं?" तुदोर म्हणाला.

"तुझं नाही तर कुणाचं? उतार मला मिळतोय म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. गावानं बघावं, हसावं, म्हणावं, ग्रिगोरेची व्हियोरिका खोटी. मग आईनं नोटरीला नाही म्हणावं. सरळ हिशेब आहे!"

तुदोरनं तोंडातला घास चावून संपवला. त्याला घाई करता येत नसे, भांडणातसुद्धा.

"ग्रिगोरे, मला तुझं वाईट करायचं असतं तर मी माती कशाला लावली असती? खरी असेल तर माती लावून तिचं काही बिघडत नाही. खोटी असेल तर आज रात्री थंडीच तुझं काम करून टाकेल. मी आपला गाडीत झोपून राहिलो असतो."

हे बोलणं आगाफियाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मूर्ख पोरं कधीकधी असं शहाणं बोलतात की आईला राग येतो. ज्यानं माती लावली त्याला वेल मरू द्यायची नव्हती. म्हणजे तो ग्रिगोरेचा वैरी नव्हे. पण सुनेला असं सहज सोडून देणं तिच्या जिवावर आलं.

"तू का गप्प, झिना?" ती म्हणाली. "तुझं माहेर सखल भागातलं. तिकडं दिसेल त्याला माती लावतात असं ऐकलंय. नवऱ्यालाही लावत असतील."

"लावतात ना आई," झिना म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "पण आमच्याकडं दोन्ही बाजूंनी ओढून लावतात. तुम्ही बघून आलात. तिथं कशी लावलीय?"

आगाफियानं डोळे मिटून आठवलं.

ते ढीग तिच्या डोळ्यांपुढं आले. दोन्हीकडून ओढलेले नव्हते. खालच्या अंगाला उभं राहून माती वर फेकलेली, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी कड सोडलेली, म्हणजे पावसाचं पाणी ढीग फोडत नाही, वळसा घालून जातं. असं गावात कुणीच करत नसे. असं सिमिओन करायचा. पूर्वी उताराच्या टोकाला त्याचे काही जुने, नाजूक वेल होते, त्यांना दर हिवाळ्यात तो अशीच माती द्यायचा आणि पोरांना हाताशी घ्यायचा.

म्हणजे सिमिओनचंच रक्त. तिचीच पोरं. तुदोर रात्री गाडीत होता. उरले दोघे.

"जेवा," ती म्हणाली. "थंड झालं की चरबी टाळूला चिकटते."

*

दुपारी चरबीचे पट्टे खारवायचे असतात. एरवी हे काम आगाफिया कुणाच्या हाती देत नसे. मीठ कमी पडलं तर वास मारतो, जास्त झालं तर जीभ सोलते. आज मात्र तिनं लाकडी टेबलावर जाड्या मिठाची परात ठेवली, पट्टे मांडले आणि सगळ्यांना हाक मारली.

"या. एकेकानं एकेक चोळायचा. हातानं."

"सगळ्यांनी?" तुदोरला नवल वाटलं.

"तुमचा बाप गेल्यापासून घर फुटायला टेकलंय. सगळ्यांचा हात लागलेलं खाऊ दे यंदा."

हे कारण तिनं ऐन वेळी तयार केलं होतं, आणि ते इतकं चांगलं निघालं की तिचेच डोळे पाणावले. खरं कारण साधं होतं. एवढे ढीग ज्यानं फावड्यानं उचलले, त्याच्या तळहातांची सालटं निघालेली असणार. आणि सोललेल्या हातांना जाडं मीठ विचारतं, काय गं, कुठं होतीस?

तुदोरनं पट्टा चोळला. रूळ उचलणारे हात, त्यांना मीठ काय आणि वाळू काय. ग्रिगोरेनं चोळला, चोळताना "आई, आता मला लोणच्यात घाल" असं म्हणून हसवलंही. त्याचे तळवे लहान बाळाच्या टाचेसारखे गुलाबी, मऊ. आगाफियानं डोळे बारीक केले. मळा करणाऱ्याचे हात म्हणायचे हे?

राहिली नाद्या.

"मी हातमोजे घालते हं आई. तिकडं म्हातारीचं करताना सवय-"

"तुझी म्हातारी तिकडं इटलीत, पादोवाला आहे. तुझी आई इथं आहे. घाल हात."

नाद्यानं हात घातले. आगाफिया तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. नाद्या चोळत होती, ओठ मिटून, पण तोंड वाकडं झालं नाही. बोटांच्या पेरांवर ओरखडे होते, मांजरानं खेळावं तसे. तळवे धड होते.

मग कुणीच नाही? आगाफियाला क्षणभर वाटलं, सिमिओनच थडग्यातून उठून आला असावा. त्याला दम निघत नसेच.

"मी तोवर चूल बघते," झिना म्हणाली, आणि उठली.

"चूल मी बघते. तू ये."

"आई, आतडी धुवायची राहिलीत-"

"आतडी कुठं जात नाहीत. ये म्हटलं ना."

झिना आली. परातीत हात घातला, मूठ भरली, पट्ट्यावर ठेवली, चोळली. तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पण नाकपुड्या फुलल्या आणि डोळ्यांतून पाणी टपकन मिठात पडलं.

आगाफियानं झडप घालून तिचं मनगट धरलं आणि हात उलटा केला. फुटलेले फोड. दोन्ही तळव्यांवर.

"सापडली!" ती ओरडली. "मी म्हणतच होते! बूट धुतले, पण हात कुठं लपवशील? माझ्या पोराच्या मळ्यात रात्रीची जाऊन-"

"दिवेलागणीला," झिना म्हणाली. "रात्री नाही."

"वर तोंड करून सांगतेय! बघ तुदोर, बघ तुझी बायको-"

"आई, तिचा हात सोड."

हे नाद्या म्हणाली. मिठाचे हात तसेच पुढं धरून ती टेबलाला वळसा घालून आली, आणि आगाफियाला आधी कळेचना की लेक कुणाच्या बाजूला येऊन उभी राहिलीय. जी नाद्या झिनाला आजवर 'ती सखल भागातली' म्हणत आली, इटलीहून सगळ्यांना भेटी आणल्या आणि हिला तेवढा साबण आणला, ती नाद्या झिनाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"मी नेलं वहिनीला," ती म्हणाली. "मी काड्या सोडवल्या, वाकवल्या. हे ओरखडे त्याचेच. मला फावडं जमेना, ते तिनं मारलं. अंधार पडला म्हणून उरलं ते उरलं."

"ताई!" ग्रिगोरे म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या गप्प राहण्यानंच हे झालंय."

"पण का?" आगाफियाचा हात आपोआप सुटला. "व्हियोरिकाला माती कशाला?"

"व्हियोरिका नाही ती, आई."

परसातून कुत्र्याचं हाड फोडणं ऐकू येत होतं.

"मी ज्या म्हातारीला सांभाळते ना, तिच्या लेकाचा मळा आहे," नाद्या म्हणाली. "एकदा जेवताना मी आपल्या व्हियोरिकाचं सांगितलं. थंडीत मरत नाही, फवारे लागत नाहीत. तर सगळं टेबल हसलं. म्हणाले, म्हणजे संकर! ती काय वाइन असते? ती कुंपणावर चढवायची. मला ना आई, अशी लाज वाटली... वाटलं, आपल्याकडंही खरी द्राक्षं असावीत. त्याच्याकडनं पिनो जातीच्या द्राक्षाची कलमं मागितली आणि मिनीबसमधनं पाठवली. ग्रिगोरेला म्हटलं, आईला सांगू नकोस."

"खरी द्राक्षं," आगाफिया म्हणाली.

"तेव्हा वाटलं तसं."

"नर्सरीतनं आणली म्हणालास तू." ती ग्रिगोरेकडं वळली. "आणि उन्हाळ्यात तुझ्या बाह्यांवर निळे डाग असायचे. मोरचुदाचे. मी विचारलं तर म्हणालास, कोंबड्यांच्या खुराड्याला रंग देतोय."

"खुराड्यालाही दिला होता," ग्रिगोरे पुटपुटला.

तुदोरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात बुडवलं.

"मी दुसरं काय करणार होतो?" ग्रिगोरेचा आवाज चढला. "तू व्हियोरिकाशिवाय दुसरी काडी या जमिनीत लावू दिली असतीस? सांग ना! बाबा गेले तरी मळा बाबांचाच. मला वाटलं, एकदा पीक येऊ दे, चांगलं आलं की सांगू."

"आणि आज? आज रात्रीचं काय ठरवलं होतंस?"

त्यानं मिठाची परात पुढं सरकवली. नाद्या बोलली. "मागचे हिवाळे सौम्य गेले म्हणून वाचली, यंदा झाकू या म्हणून मी पाया पडले त्याच्या. तो म्हणाला, झाकलं की गावाला कळेल. नोटरीचं होऊन जाऊ दे. तोवर मेली तर मेली. लोक म्हणतील, यंदा थंडीच अशी पडली की व्हियोरिकाही टिकली नाही."

आगाफिया बाकावर बसली. फसवलं, ते एक. पोरं आईला फसवतातच, त्यासाठीच ती मोठी होतात. पण हे वेगळं होतं. तिचा पोरगा मेलेली परदेशी पोर सिमिओनच्या व्हियोरिकाच्या नावावर पुरणार होता.

"तू माझ्याकडं का नाही आलीस?" तिनं नाद्याला विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

"तुझ्याकडं? आई, तू त्याच दिवशी कुदळ घेऊन सगळी उपटली असतीस."

ग्रिगोरेनं मान डोलावली. तुदोरनंसुद्धा.

"आणि हिच्याकडं गेलीस."

"गेले. तिनं कुणी आणली, का आणली, काही विचारलं नाही. फावडं कुठाय म्हणाली."

आगाफियानं सुनेकडं पाहिलं. झिना पाण्याच्या बादलीत हात बुडवून मीठ धूत होती.

"आणि ह्यांची रीत तुला कुठनं ठाऊक? चंद्रकोर?"

"मामंजींनीच शिकवली. ही तिघं पळून जायची, मग ते मला हाक मारायचे." झिनानं हात पुसले. "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुला गं काय फायदा? ती मेली असती, लबाडी बाहेर आली असती, तर उतार तुझ्या नवऱ्याकडं आला असता."

"आला असता," झिना म्हणाली. "पण नाद्या रडत होती."

एवढंच. आगाफियानं वाट पाहिली की ही आता काही पुढं बोलेल, म्हणजे त्यात काही खोट काढता येईल. झिनानं आतड्यांची बादली ओढून घेतली.

*

ऊन कलायला लागलं होतं. चिखलावर साय धरावी तसा पातळ बर्फ धरू लागला होता.

"आता उरलेलं राहू दे," ग्रिगोरे म्हणाला. तो आईच्या शेजारी उकिडवा बसला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहानपणी बसायचा तसा. "आई, ऐक. काल दिवेलागणीला लावलेली माती अजून कुणी पाहिली नाही. आज सणाचा दिवस, सगळं गाव रस्त्यावर आहे. शेजारची डोम्निका तर सकाळपासून फाटकालाच लटकलीय. आपण आता फावडी घेऊन गेलो तर संध्याकाळपर्यंत कारखान्यापर्यंत जाईल, आगाफियाची व्हियोरिका खोटी म्हणून. तुझं नाव जाईल. मरू दे ती. वसंतात खरी लावू. मी लावतो, शपथ."

आणि आगाफियाला ते पटलं. हीच तर लाजेची गोष्ट. पुरतं पटलं. चर्चच्या पायरीवर आपण काय काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते सगळं डोम्निकाच्या तोंडून उलटं ऐकू येऊ लागलं. तिनं त्या इटालियन कलमांना काही बोलावलं नव्हतं. मरोत. एका रात्रीचं काम. सकाळी आपण दाराशी उभं राहून म्हणायचं, काय ही थंडी, काय हा जमाना, व्हियोरिकासुद्धा...

व्हियोरिकासुद्धा.

मग गाव म्हणणार, बघा, सिमिओन जन्मभर सांगत राहिला आणि ती पहिल्या कडक थंडीत गेली. कारखान्याचा माणूस म्हणणार, नको रे बाबा. इटलीतलं ते टेबल पुन्हा एकदा हसणार. आणि वरच्या उतारावर ती मात्र उघडी, धडधाकट उभी असणार, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आगाफियानं ग्रिगोरेचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला, भांडं सरकवावं तसा.

"उठा," ती म्हणाली. "फावडी घ्या. सगळी. कोळशाचंही घ्या."

"आणि डुक्कर?" तुदोर म्हणाला.

"ते काय पळून जातंय?"

"आई, नोटरीचं-" ग्रिगोरे.

"नोटरीला निरोप दे, म्हातारी अजून मेलेली नाही म्हणावं."

*

इग्नातच्या दिवशी अर्धं कापलेलं डुक्कर टाकून एक आख्खं कुटुंब फावडी खांद्यावर घेऊन रस्त्यानं जातं, असं गावानं आजवर पाहिलं नव्हतं. पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. डोम्निका तर त्यांच्या मागून उताराच्या कुंपणापर्यंत चालत आली. हातात अर्धी सोललेली लसणाची गड्डी, ती ठेवायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

"अगं आगाफिया," ती कुंपणावरून ओरडली. "हे काय चाललंय? व्हियोरिकाला माती? व्हियोरिकाला?"

ग्रिगोरेनं मान खाली घातली. नाद्याचं फावडं थांबलं. रस्त्यावर आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या, कुणी बादली घेऊन, कुणी नुसतीच.

आगाफिया काठीवर सरळ झाली. कंबर ठणकत होती.

"डोळे गेले का तुझे, डोम्निका? वर बघ. ती उघडी उभी आहे ती व्हियोरिका. तिला आम्ही हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. ही खालची इटलीची आहे. पिनो का फिनो. माझ्याच पोरांनी मला फसवून लावली."

"काय सांगतेस!" डोम्निकाच्या हातातली गड्डी खाली पडली. "फसवून? तुला?"

"मला. जा, सांग सगळीकडं. चर्चमध्ये सांग, विहिरीवर सांग, कारखान्याची गाडी येईल तेव्हा आडवी हो आणि सांग. आगाफिया मूर्ख ठरली म्हणून सांग. पण नीट सांग. उद्या यातलं काही मेलं आणि तू व्हियोरिका मेली म्हणालीस, तर तुझ्या फाटकाशी येऊन बसेन. आणि मी बसले की उठत नाही, हे तुला ठाऊक आहे."

डोम्निकानं उताराच्या वरच्या अंगाला पाहिलं, मग खालच्या, मग ग्रिगोरेकडं. मग ती वळली आणि जवळजवळ पळतच गावाकडं गेली. गावाला सांगायला, यात शंका नव्हती.

"आता झालं," ग्रिगोरे म्हणाला. "आता कारखाना आपल्याकडं ढुंकून बघणार नाही."

"वरची बघेल. ती चाखेल आणि मग बोलेल. तू फेक माती. खालून वर फेक, बापाची रीत विसरलास वाटतं."

उत्तरेचा वारा सुटला, कोरडा, सुरीसारखा. तुदोर न बोलता ओळीमागून ओळ झाकत चालला. ग्रिगोरेच्या गुलाबी तळव्यांना फोड यायला लागले होते. आगाफियानं ते पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं. तिला वाकता येत नव्हतं, पण काठीनं काडी दाबून धरता येत होती, कुणीतरी माती टाकेपर्यंत. त्या परक्या काड्या ओल्या आणि लवचीक होत्या, तिच्या काठीखाली कुरकुर न करता झोपत होत्या. तिला त्यांचाही संशय आला. एवढं सरळ झोपणारं काही खरं नसतं.

पलीकडच्या ओळीत झिना आणि नाद्या डोकी जवळ आणून काहीतरी कुजबुजत होत्या. झिनानं हातांना फडकी गुंडाळली होती, नाद्या तिच्या फडक्याची गाठ आवळत होती, आणि दोघी हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. आगाफियानं कान टवकारले. वाऱ्यात काही ऐकू येईना. तिनं तुदोरला आपली ओळ सोपवली आणि काठी टेकत, चिखलातून पाय उपसत, त्यांच्या ओळीत जाऊन पोहोचली.

दोघी एकदम गप्प झाल्या.

"सरका," ती म्हणाली, आणि त्यांच्या मधोमध उभी राहिली. "आणि काय बोलत होतात ते पहिल्यापासून सांगा."